दाराबाहेर उभा असलेला तिसरा: आफ्रिकन-अमेरिकन संसारातली प्रतारणा, गुपितं आणि माफी

लॉरा स्पायसर नावाच्या बाईला तिच्या नवऱ्याने लिहिलेली काही पत्रं आजही वाचायला मिळतात. दोघंही व्हर्जिनियात गुलाम होते. लॉराला आणि मुलांना विकून टाकलं गेलं आणि संसार मोडला. पुढे अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि दोघांची पुन्हा पत्रापत्री सुरू झाली. पण ती मेली असं समजून तोवर त्याने दुसरं लग्न केलं होतं. त्या बायकोची दोन मुलंही होती.

पत्रात तो लिहितो, आपण वेगळं व्हावं अशी आपली इच्छा कधीच नव्हती आणि त्यात आपला दोषही नव्हता. तू एखादा चांगला माणूस बघून लग्न कर, असं तिला सांगतो, कारण तुझं पत्र आलं की माझ्या काळजाच्या चिंधड्या होतात. दुसरी बायको केल्याचं त्याला वाईट वाटतं, आणि तिला टाकून येणंही त्याला जमत नाही. मग एक गोष्ट मागतो. मुलांचे थोडे केस पाठव, वेगळ्या कागदात, आणि कागदावर त्यांची नावं लिही.

या माणसाने बायकोला फसवलं का? पहिली जिवंत असताना दुसरी केली, म्हणजे हिशेबाने हो. पण ती जिवंत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि तिला दूर त्याने धाडलं नव्हतं. मग लॉराने माफ करायचं तर कुणाला?

आफ्रिकन-अमेरिकन संसारांमधली प्रतारणा, घरातली गुपितं आणि माफी समजून घ्यायची तर या पत्रापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. बाहेरख्यालीपणा सगळ्या समाजांत असतो, तसा तिथेही आहे. तो त्यांचा काही खास गुण नाही. वेगळी आहे ती त्या घरांच्या दाराबाहेरची गर्दी. नवराबायकोच्या भांडणात तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तिसरा कान लावून उभा राहिला आहे. आधी मालक, मग कायदा, मग सरकारी कारकून, मग पोलिसी यंत्रणा. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की पुढचं बरंच उलगडत जातं.

गुलामांच्या लग्नाला कायद्यात अस्तित्वच नव्हतं. गुलाम ही मालमत्ता, आणि मालमत्तेला करार करता येत नाही. लग्न हा तर करार. तरीही माणसं लग्नं करत होती. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूवरून दोघांनी मिळून उडी मारायची, अशी एक रीत होती. आजही काही कृष्णवर्णीय जोडपी लग्नात मुद्दाम सजवलेल्या झाडूवरून उडी मारतात, ती त्या पूर्वजांच्या आठवणीसाठी. कुठे गोरा पाद्री लग्न लावायचा, पण ‘मरणाने वेगळे होईपर्यंत’ या शपथेत ‘मरणाने किंवा अंतराने’ असे शब्द घालायचा. अंतर म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं: मालकाने विकलं तर. १९व्या शतकाच्या पहिल्या साठेक वर्षांत व्हर्जिनियासारख्या जुन्या गुलाम-राज्यांतून खाली कापसाच्या मुलखात सुमारे १० लाख माणसं नेली गेली. त्यांतली कितीतरी कुणाची तरी नवरा-बायको होती. पुष्कळ जोडप्यांत नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे. तो परवाना घेऊन शनिवारी रात्री मैलोन्‌मैल चालत यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत परत कामावर. शिवाय बायकोच्या अंगावर मालकाने हात टाकला तर नवऱ्याला तोंड उघडता येत नव्हतं. घरात जन्मलेल्या एखाद्या मुलाचा रंग उजळ असला तर सगळ्यांना समजायचं आणि कुणी काही विचारायचं नाही. गुपित पाळायची पहिली सवय इथे लागली. बोलणं म्हणजे चाबूक किंवा विक्री, अशी ती परिस्थिती होती.

सुटका झाल्यावर सुमारे ४० लाख माणसं एकमेकांना शोधायला लागली. ‘द ख्रिश्चन रेकॉर्डर’सारख्या कृष्णवर्णीयांच्या चर्च-पत्रांत ‘माहिती हवी आहे’ अशा जाहिराती यायच्या: माझी आई, माझा नवरा, अमुक साली अमुक मालकाने विकलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. चर्चमध्ये त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जायच्या. विसावं शतक लागलं तरी त्या थांबल्या नव्हत्या. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं ते १८७३ मध्ये, म्हणजे हे शोध चालू होते त्याच काळात. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात असताना तिकडे कुठल्या तरी चर्चच्या बाकावर एखादी बाई स्वतःच्या नवऱ्याचं नाव ऐकू येतंय का म्हणून कान देऊन बसली असेल.

नवरा सापडायचाही. पण कधी दुसऱ्या संसारासकट. आणि इथे सरकार मध्ये आलं. जॉर्जिया राज्याने १८६६ मध्ये कायदा केला: ज्याला दोन किंवा अधिक बायका आहेत, अथवा जिला दोन नवरे आहेत, त्यांनी ताबडतोब एकाची निवड करावी, नाहीतर व्यभिचाराचा खटला. ज्या राज्याने काल ही माणसं विकू दिली, तेच आज त्यांच्याकडे एकपत्नीव्रताचा दाखला मागत होतं. सोडून दिलेल्या बायकोचं आणि तिच्या मुलांचं काय, याचं उत्तर माणसांनी आपापलं शोधलं. काहींनी दोन्ही घरं सांभाळली. काही बायका समजुतीने बाजूला झाल्या. लॉरासारख्या काही जणी पत्रांवर राहिल्या.

पुढचा अंक पेन्शनीचा. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध, उत्तरेच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळायची. पण १८८२च्या कायद्यात अट आली की विधवा कुणाबरोबर उघडपणे राहत असेल तर पेन्शन बंद. कायदा गोऱ्या-काळ्या सगळ्याच विधवांना लागू होता. पण जिच्याकडे लग्नाचा कागदच नाही तिला आपलं सगळं आयुष्य साक्षीदारांच्या तोंडून सिद्ध करावं लागायचं. चौकशी अधिकारी गावात यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचा: हिच्याकडे कोण येतं? रात्री राहतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. तिथे मूठ उघडली तर महिन्याची पेन्शन जात होती.

असलं काही एकोणिसाव्या शतकातच संपलं असेल असं वाटेल. तसं झालं नाही. अलाबामा राज्याने १९६४ मध्ये नियम केला की गरीब आईचे कुठल्याही पुरुषाशी संबंध असतील तर तो पुरुष तिच्या मुलांचा ‘पर्यायी बाप’ समजला जाईल आणि मुलांची सरकारी मदत बंद होईल. तो पुरुष मुलांना एक पै देत नसला तरी. नागरी हक्कांच्या मोर्चांमुळे गाजलेलं सेल्मा शहर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या एका विधवेची मदत १९६६ मध्ये अशी थांबली. ती पहाटे साडेतीनपासून दुपारी १२ पर्यंत खाणावळीत स्वयंपाक आणि वाढपाचं काम करायची. आठवड्याची कमाई १६ ते २० डॉलर, पदरात चार मुलं. शनिवार-रविवारी तिच्याकडे येणारा माणूस विवाहित होता आणि त्याला स्वतःची नऊ मुलं होती. म्हणजे इथे प्रतारणा होती, ती नाकारायचं कारण नाही. पण जिची फसवणूक झाली होती त्या त्याच्या बायकोला सरकारने काय दिलं? काही नाही. शिक्षा झाली ती दुसऱ्या बाईच्या मुलांच्या ताटाला. ती बाई न्यायालयात गेली आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला. तोवर अवघ्या अडीच वर्षांत अलाबामात मदत मिळणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६ हजारांनी घटली होती.

त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, केंद्र सरकारच्या श्रम खात्यातले अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांचा कृष्णवर्णीय कुटुंबावरचा अहवाल गाजत होता. बेकारी आणि वंशभेदाचा ताण त्यांनी मांडला होता, पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच: काळ्या लोकांची कुटुंबंच मुळात बिघडलेली. आता कल्पना करा, अशा वातावरणात एखाद्या कृष्णवर्णीय बाईला नवऱ्याची भानगड कळली तर ती कुणाजवळ बोलेल? बोलली तर नवऱ्याचं नाव खराब होईल एवढ्यावर ते थांबत नाही. सगळ्या समाजाविषयी बाहेरचे जे म्हणतात त्याला पुरावा मिळतो. ‘या घरात झालेलं या घरातच राहतं’ हे वाक्य तिथल्या पिढ्यांनी आजीच्या तोंडून ऐकलं आहे. मराठी घरांनाही ते परकं नाही. आपण घरचं उणं चव्हाट्यावर मांडू नये म्हणतो. फरक इतकाच की त्यांच्या चव्हाट्यावर कोण उभं आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

याचं सगळ्यात क्रूर उदाहरण नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन लूथर किंग यांच्या घरातलं. किंग यांचे इतर स्त्रियांशी संबंध होते हे त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनीही पुढे सांगितलं आहे. अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, ते हेरलं. हॉटेलच्या खोल्यांत लपवलेल्या मायक्रोफोनमधून ध्वनिमुद्रण केलं आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये, शांततेचा नोबेल पुरस्कार स्वीकारायला ते जाणार त्याच्या काही दिवस आधी, एक फीत आणि एक निनावी पत्र त्यांच्या पत्त्यावर धाडलं. पत्र लिहिणारा आपणही काळाच आहोत असं भासवत होता. ३४ दिवसांची मुदत दिली होती. तुला आता एकच गोष्ट करायची उरली आहे, अशा भाषेत. किंग आणि त्यांच्या साथीदारांना त्याचा अर्थ जीव दे असाच लागला.

ते पाकीट जानेवारी १९६५ मध्ये उघडलं त्यांच्या पत्नीने, कोरेटा स्कॉट किंग यांनी.

सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १९५९ मध्ये, हे दोघं भारतात आले होते ते मुंबईत उतरून. गांधीजी जिथे राहायचे त्या गावदेवीच्या मणिभवनात ते राहिलेसुद्धा. त्या कोरेटांच्या हातात आता ही फीत होती. नवऱ्यावर रागवायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. पण ही फीत ऐकून त्यांनी घर मोडावं, यासाठीच ती धाडलेली. म्हणजे त्यांच्या रागाचीसुद्धा सरकारने आधीच योजना आखून ठेवली होती. रागावल्या तर शत्रूचं काम होणार. गप्प राहिल्या तर स्वतःच्या दुःखाला जागा नाही. त्या २००६ मध्ये वारल्या. हा विषय नवऱ्याविरुद्ध त्यांनी कधी जाहीरपणे काढला नाही. त्यांनी मनातून माफ केलं होतं, मानायचंच नाकारलं होतं की नुसतं गिळलं होतं, ते त्यांचं त्यांना माहीत. मला एवढंच दिसतं की त्यांना खुलेपणाने माफ करायची संधीही त्या पाकिटाने हिरावून घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. हा इतिहास समजून घेणं म्हणजे नवऱ्यांना सूट देणं नव्हे. बाहेर वंशभेद आहे म्हणून घरात बायकोने सोसावं, हे गणित पुष्कळ वर्षं चाललं आणि त्याची किंमत जवळजवळ सगळी बायकांनी मोजली. ‘कणखर काळी स्त्री’ अशी एक प्रतिमा तिथे आहे: जी मोडत नाही, रडत नाही, सगळ्यांना धरून ठेवते. ऐकायला गौरवाची वाटते. आत जाऊन पाहिलं तर कितीदा तरी तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार असतो. चर्चचा यातला वाटा दुहेरी आहे. बाकांवर बहुसंख्य स्त्रिया, व्यासपीठावर बहुतेक पुरुष. क्षमा कर, प्रार्थना कर, घर सांभाळ, हा उपदेश बाईला लवकर मिळतो. पुरुषाला कबुली द्यायला बसवणं मागे पडतं. पण त्याच चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना सगळे ‘मदर’ म्हणतात, एखादीला स्वयंपाकघरात घेऊन बसायच्या आणि तिचं सगळं ऐकून घ्यायच्या. समुपदेशक हा शब्द तिथे पोचायच्या कितीतरी आधी हे काम त्यांनी केलं.

गुपित फार काळ टिकत नाही, कारण त्याला हातपाय फुटतात. लग्नाबाहेर झालेल्या मुलाला तिथे ‘आउटसाइड चाइल्ड’ म्हणतात, बाहेरचं मूल. कित्येक घरांत ते गावाला ठाऊक असतं आणि फक्त त्याच्या सावत्र भावंडांना नसतं. पुष्कळदा उलगडा होतो तो बापाच्या अंत्यविधीला. तिथे छापील पत्रक वाटायची पद्धत आहे, त्यात मागे राहिलेल्यांची नावं असतात. त्या यादीत कुणाचं नाव घालायचं यावरून घरात वादळ होतं, कारण बाहेरच्या मुलाला आपलं म्हणायचं की नाही हे त्या कागदावर ठरतं. नाव घालू द्यायचं की नाही हे बहुतेक वेळा विधवेच्या हातात येतं. तिने ते घालू दिलं तर ती कुठल्याही प्रवचनाहून मोठी क्षमा आहे असं मी मानते. आता लाळेच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी घरबसल्या होते. पणजोबा कुठल्या जमातीतले हे शोधायला गेलेल्या माणसाला अचानक एक अनोळखी सावत्र बहीण सापडते. त्या चाचण्यांत बहुतेक आफ्रिकन-अमेरिकनांना थोडा युरोपीय वंशही आढळतो, आणि त्याचं मूळ अनेकदा मालकाच्या वाड्यातच असतं.

अशा गुपितांपैकी सगळ्यात प्रसिद्ध एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स यांचं. १९२५ मध्ये साउथ कॅरोलायनात जन्म. आई कॅरी बटलर, घरकाम करणारी सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. बाप त्याच घरचा मुलगा स्ट्रॉम थरमंड, जो पुढे वंशभेदाचा कडवा पुरस्कर्ता सिनेटर झाला आणि १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सलग २४ तासांहून अधिक बोलत उभा राहिला. मुलगी मावशीकडे वाढली, बाप तिला गुपचूप भेटायचा, पैसे द्यायचा. तिने लग्न केलं ते वकिली शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाशी. त्या संसाराच्या पोटातही हे गुपित होतं. २००३ मध्ये थरमंड शंभर वर्षांचे होऊन वारले, त्यानंतर ७८व्या वर्षी तिने जगाला सांगितलं. शेवटी आपण पूर्ण मोकळ्या झालो, असं ती म्हणाली. राज्याच्या विधानभवनासमोरच्या पुतळ्याखाली थरमंड यांच्या चार मुलांचा उल्लेख होता. तो आकडा खोदून पाच केला गेला आणि तिचं नाव कोरलं गेलं.

माफी आणि गप्प बसणं दुरून सारखंच दिसतं. दोन्हींत घर शाबूत राहतं, दोन्हींत बाई नवऱ्याशेजारी बसलेली दिसते. पण माफी द्यायला आधी कुणीतरी ‘मी केलं’ म्हणावं लागतं. ज्या समाजात ‘मी केलं’ म्हणणं म्हणजे दाराबाहेरच्याला पुरावा देणं होतं, तिथे हा पहिला शब्दच दुर्मिळ झाला. म्हणून गेल्या दहाएक वर्षांत एका प्रसिद्ध जोडप्याच्या घरात जे घडलं त्याला मी नुसती गावगप्प समजत नाही. गायिका बियॉन्से हिने २०१६ मध्ये एका गीतसंग्रहात फसवल्या गेलेल्या बायकोचं दुःख आणि संताप उघड मांडला. पुढच्या वर्षी तिचा नवरा, रॅप गायक जे-झी, याने आपल्या संग्रहात जाहीर माफी मागितली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मुलाखतीत प्रतारणा कबूल केली. तगून राहण्यासाठी आपण भावनाच बंद करून टाकल्या होत्या, आणि त्यामुळे बायकांशीही मन उघडून राहता आलं नाही, असं त्याचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी घरांत वाढलेल्या पोराच्या तोंडी हे शब्द येणं सोपं नाही. त्याच संग्रहात आणखी एक गुपित मोकळं झालं: त्याची आई ग्लोरिया कार्टर यांना स्त्रीविषयी प्रेम होतं आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं. आईने स्वतःच्या आवाजात त्याविषयी सांगितलं.

पण मला या घरातली त्याआधीची एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जे-झी ११ वर्षांचा असताना त्याचे वडील घर सोडून गेले. ग्लोरियांनी चार मुलं एकटीने वाढवली. बरीच वर्षं लोटली, मुलगा नावारूपाला आला, वडील आजारी पडले. तेव्हा बाप-लेकाची भेट ठरवली ती ग्लोरियांनी. पहिल्या भेटीला वडील आलेच नाहीत. मुलगा म्हणाला, संपलं. आईने पुन्हा भेट ठरवली. या वेळी ते आले. ते घर सोडून गेले त्या दिवशी आपल्याला काय वाटलं होतं, ते मुलाने सांगितलं. मी कुठे राहतो ते तुला ठाऊक होतं की, वडील म्हणाले. मी लहान होतो, मुलगा म्हणाला. मला भेटायला येणं तुमचं काम होतं. बरंच बोलणं झालं. मग वडिलांनी ते मान्य केलं. मुलाने त्यांच्यासाठी घर घेतलं. त्यात राहायला जायच्या आधीच, २००३ मध्ये, ते वारले.